छपरातल्या खिडक्यांसाठी कापड

मीनाक्षीने कापडाचे तीन नमुने पलंगावर मांडले. एक पांढरं, एक राखी आणि एक पाठीला रबरासारखा थर असलेलं, गडद. गाझियाबादच्या त्यांच्या घरात वरच्या उतरत्या छपराखाली इतकी वर्षं नुसतं सामान पडून होतं. आता तिथे अकरा वर्षांच्या वीणाची खोली झाली होती, छपरातच बसवलेल्या काचेच्या दोन खिडक्यांची. वीणाला अर्धशिशी होती. डोकं ठणकायला लागलं की उजेडाची तिरीपही तिला सोसत नसे. खाली रस्त्याकडच्या खोलीत ती उशीत तोंड खुपसून रडत राही. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या कमी करायच्या असतील तर तिला अंधार द्या.

ब्लाइंड्सवाल्या सतपालने पांढरा तुकडा पलंगावरच्या खिडकीला चिकटवला. डिसेंबरचं ऊन त्यातून झिरपलं. त्या उजेडाच्या मधोमध एक सावली होती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासारखी.

"पतंग अटकी होगी, मॅडम," सतपाल म्हणाला.

मीनाक्षी शिडी लावून छपरावर जाऊन आली. काच स्वच्छ होती. जवळपास टाकी नाही, खांब नाही, झाड नाही. कापड काढलं की नुसतं आकाश दिसे. लावलं की सावली.

उजेड मोजणं हीच तिची पंधरा वर्षांची नोकरी. तिने पेन्सिलीने सावलीची कड आखली तेव्हा अकरा वाजले होते. एक वाजता सूर्य तीस अंश सरकला होता आणि सावली रेषेपासून केसभरही हलली नव्हती.

दिल्लीत मंत्रालयात नोकरी करणाऱ्या नवऱ्याला, श्रीरंगला, तिने वर बोलावून दाखवलं. त्याने मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"काचेत दोष आहे यार," तो म्हणाला. "आमच्या मंत्रालयात अख्खी खिडकी हिरवी पडलीय, म्हणून कोणी तिची शांती करून घेत नाही."

पण हसताना तो खिडकीखालून बाजूला झाला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तिने काच बदलून घेतली. नवी बसवण्याआधी ती चौकट तासभर उघडी होती. नव्या काचेवर पांढरं कापड धरून पाहिलं, तर स्वच्छ ऊन. सावली नव्हती. त्या आठवड्यात वीणाचं डोकं दोनदा दुखलं होतं, म्हणून मीनाक्षीने गडद कापड नक्की केलं. त्यातून उजेड पार होतो का, हे तिने स्वतः यंत्राने मोजलं. शून्य.

शनिवारी ब्लाइंड्स लागले. दुपारी वीणा शाळेतून डोकं धरूनच आली. मीनाक्षीने तिला वर नेऊन निजवलं, डोळ्यांवर ओल्या कापडाची घडी ठेवली, दार लोटलं आणि दोन्ही ब्लाइंड्स खाली ओढले. स्वतःचा हातही दिसेना.

"आई, एकदम मस्त वाटतंय," वीणा पुटपुटली.

कापडाची खालची कड नीट बसलीय का, एवढंच बघायला मीनाक्षीने दाराशी येऊन मोबाइलचा टॉर्च लावला.

पलंगावरच्या कापडावर सावली होती. गुडघे पोटाशी घेतलेली.

बाहेरून पडली असेल, असं तिला आधी वाटलं. पण या कापडातून बाहेरचं काही येत नव्हतं. खोलीत उजेड एकच होता, तिच्या हातातला. तिने टॉर्च डावीकडे नेला. सावली उजवीकडे सरकली.

म्हणजे जे काही होतं ते टॉर्च आणि कापड यांच्या मध्ये होतं. खोलीत.

टॉर्चच्या झोतात पलंग दिसत होता, रजई दिसत होती, तिच्याखालचा वीणाच्या पावलांचा उंचवटा दिसत होता. मध्ये काहीच नव्हतं. सावलीच्या कडा मात्र रेखीव होत्या. सावली पाडणारी वस्तू कापडाजवळ असली, तरच त्या अशा येतात. कापडाखाली पलंग होता.

"आई," वीणा म्हणाली, "पायांवरून ऊठ ना. जड होतंय."

मीनाक्षी दारालाच पाठ टेकून उभी होती.

टॉर्च विझवला तर ते कुठे आहे हे कळणार नव्हतं. तिने तो विझवला नाही.

"हां," वीणाने पाय लांब केले. "आता बरंय."

सावलीचे गुडघे उलगडले. मग ती वाढू लागली. कडा पुसट होत गेल्या. वस्तू दिव्याकडे येऊ लागली की सावली अशीच मोठी होते.

आधी पलंगावरचं कापड झाकलं गेलं, मग दुसऱ्या खिडकीचं, मग सगळं छप्पर.

टॉर्च तिने छातीशी धरला होता.