शाजियाच्या दाराशी तिसरी हाक

आधीच सांगून ठेवते, ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यासोबत घडली ती माझी धाकटी जाऊ, नीलिमा. आम्ही एकाच चुलीवरचं जेवतो. आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा ती पलीकडच्या खोलीत तांदूळ पाखडत बसली आहे. सुपाचा आवाज येतोय, म्हणूनच लिहायचा धीर होतोय.

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. भूतबित मीही मानत नव्हते. आणि या गोष्टीत तर कोणी मेलेलंही नाही.

सगळे जिवंत आहेत. तेच तर वाईट आहे.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. जागा धानोऱ्याच्या टोकाची, जिथे वस्ती संपते आणि जंगल लागतं. तिथलं शेवटचं घर शाजियाचं. वेळ दिवेलागणीची.

धानोऱ्यात बायकांच्या बचत गटाचं केंद्र आहे. मोहफुलं, हिरडा, चारोळी निवडायची आणि पाकिटं भरायची. नीलिमा तिथे कामाला जाते. काम पाचला सुटायचं आणि आमच्या गावची बस यायची सहाला. मधला तास नीलिमा शाजियाकडे काढायची.

शाजिया शिलाई करते. तिचा नवरा वाजिद बांगड्यांची पेटी घेऊन आठवडी बाजार फिरतो, घरी कमीच असतो. मूलबाळ नाही. घरात म्हातारी सासू खैरुन आणि शिलाई मशीन, एवढंच. संध्याकाळचा तो एक तास त्या घरात हसण्याचा आवाज असायचा. नवऱ्याशी भांडण झालं की नीलिमा आधी शाजियाला सांगायची, मग मला. मला त्याचा राग यायचा, पण ते असो.

आमच्या भागात देव वेगळे, सण वेगळे, मेल्यावर माणूस कुठे जातो तेही प्रत्येकाचं वेगळं. पण एका गोष्टीत गोंड, हिंदू, मुसलमान सगळ्यांचं एकमत आहे. दिवेलागणीला दाराबाहेरून नावाने हाक आली, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही.

जे माणूस नसतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात.

नीलिमा त्याचीच गंमत करायची. दाराशी उभी राहून मुद्दाम तीनदा ओरडायची. "शाजिया... शाजिया... ए शाजिया!" मग आतून शाजिया म्हणायची, "माणूस आहे, येऊ द्या!" आणि दोघी खिदळायच्या.

पावसाळ्यात ती सहाची बस बंद झाली. माझ्या दिराने, प्रवीणने, नीलिमाला स्कूटी घेऊन दिली. आता थांबायचं कशाला? काम सुटलं की हेल्मेट घालायचं आणि सरळ घर. आधी जाता जाता शाजियाच्या दाराकडे हात हलवायची. "उद्या येतो वं!" म्हणायची. मग धानाची कापणी आली आणि हात हलवणंही राहून गेलं. कोणी कोणाशी भांडलं नव्हतं. फक्त वेळ नव्हता.

त्या गुरुवारी केंद्रात उशीर झाला. नीलिमा निघाली तेव्हा अंधारून आलं होतं. जंगलातल्या वळणावर स्कूटी बंद पडली. बटण दाबून पाहिलं, किक मारून पाहिली. काही नाही.

त्या आठवड्यात हत्तींचा कळप त्याच बाजूला होता. संध्याकाळचं त्या रस्त्याने जाऊ नका, असं गावोगाव सांगून झालं होतं. पुढे जाण्यापेक्षा मागे फिरलेलं बरं, असा विचार करून तिने गाडी तिथेच सोडली आणि धानोऱ्याकडे चालायला लागली. शाजियाचं घरच सगळ्यात जवळ होतं.

रस्त्यावर सागाची वाळलेली पानं पडली होती. पाय पडला की ती पापडासारखी वाजतात. तिच्याच पावलांचा आवाज तिला येत होता.

मग... तोही येईना.

ती थांबली. खाली पाहिलं. पुन्हा चालली. पाय पानांवरच पडत होता.

पानं वाजत नव्हती.

ती धावतच सुटली. शाजियाच्या खिडकीतला उजेड दिसला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. आतून मशीनचा खडखड आवाज येत होता. तिने हाक मारली. "शाजिया..."

मशीन थांबलं.

"शाजिया..."

आत कोणीतरी कुजबुजलं. एक नाही, दोघी जणी कुजबुजत होत्या.

"ए शाजिया! मी नीलिमा! दार उघड वं, लवकर!"

आणि... दिवा गेला.

वस्तीत बाकी सगळीकडे दिवे होते. फक्त त्या घरातला कोणीतरी मालवला होता. नीलिमाला काही समजेना. तिने दारावर थापा मारल्या, कडी वाजवली, शेवटी मोबाईल काढून शाजियाला फोन लावला. आतल्या अंधारात फोन वाजला. दाराच्या अगदी पलीकडे, हातभर अंतरावर.

आणि मग... आतून आवाज आला.

"नको घेऊ. ते मी नाई. मी इथी आहो ना तुझ्यापाशी."

फोन कट झाला.

तो आवाज नीलिमाचा होता. मोबाईलमध्ये स्वतःचं बोलणं ऐकलं की जसं वाटतं, अगदी तसा. तोच चिरका सूर, तेच शेवटचं अक्षर लांबवणं. कशीबशी ती गटातल्या मीराबाईंच्या घरी पोहोचली आणि रात्र तिथेच काढली. त्यांच्या दाराशी तिने एकदाच हाक मारली होती. मीराबाईंनी लगेच दार उघडलं.

सकाळी ती तडक शाजियाकडे गेली. शाजियाने दार उघडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"काल काऊन दार नाई उघडलं? मी मरून राह्यली होती बाहेर!"

"तू तर आत होतीस," शाजिया म्हणाली. "साडेपाचला आली. तीनदा हाक मारली, मंगच उघडलं मी. चाय ठेवला तुझ्यापुढे. किती दिवसांनी बसली म्हणून मले रडू आलं तर तूच डोळे पुसले माझे. बसचा हॉर्न वाजला अन् गेली."

"कोणती बस? बस बंद होऊन चार महिने झाले, शाजिया."

नीलिमाची नजर मशीनशेजारच्या स्टुलावर गेली. तिथे कप होता. काठोकाठ भरलेला. वरची साय जशीच्या तशी.

आता यावर ज्याने त्याने आपापलं सांगितलं. शाजियाची सासू खैरुन म्हणाली, "हमजाद है. प्रत्येक माणसासंग एक पैदा होते, त्याच सुरतीचा. दिसत नाई, पण संगच असते." आमचे सासरे बापूराव म्हणाले, "चकवा आहे जंगलातला, दुसरं काई नाई. पोरीनं वाट सोडली, त्यानं घर धरलं." केंद्रात मध विकायला येणारा कोलू नावाचा एक गोंड म्हातारा आहे. तो सगळं ऐकून म्हणाला, "बाई, आमच्यात सांगते का माणसात दोन जीव असते. एक काम करते, एक माया करते. कोणी लई आठवण काढली तर दुसरावाला उठून जाते तिकडे."

"मंग तो वापस येते का?" नीलिमाने विचारलं.

"दार नाई उघडलं तर येते. उघडलं तर तिथीच रमते. अन् मंग पहिलावाला सुकत जाते."

नाव तिघांनी वेगळं दिलं. उपाय मात्र तिघांचा एकच. दार उघडायचं नाही. कितीही हाका येवोत. दिवेलागणीला शाजियाने दार बंदच ठेवायचं आणि नीलिमाने यायचं ते दिवसाउजेडी.

शाजियाने नीलिमाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी कसम. नाई उघडणार."

नीलिमाने तिच्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? जिला घरातलं सगळं सांगितलं, जिच्यापुढे रडली, तिच्यावर नाही तर कोणावर ठेवायचा?

त्यानंतर आठवड्याभरात नीलिमाचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं सर्दी. हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. म्हणाले, घशात काहीच नाही. पण आवाज रोज थोडा थोडा जात होता. अंगणातून हाक मारली तर आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येईना. कोंबड्या तिच्या आवाजाला यायच्या, त्या येईनात. पोरगी तिची, चार वर्षांची, एकदा म्हणाली, "आई, तू बोल ना." ती तर बोलतच होती.

मी तिला एकदा विचारलं, "शाजिया दार नाई ना उघडत?"

"कसम खाल्ली तिनं, बाई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ती नाई फसवणार मले."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी केंद्रात मीराबाई सहज बोलून गेल्या, "बरं झालं तुम्ही दोघी पुन्हा बसता ते. रोज संध्याकाळी तुझं हसणं येते शाजियाच्या घरातून. काल तर वरच्या आळीपर्यंत ऐकू येत होतं."

नीलिमाच्या हातातलं चारोळीचं सूप तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली नाही. स्कूटी केंद्रापाशी ठेवून पायी गेली. शाजियाच्या घरात उजेड होता. मशीन चालू होतं. आणि... कोणीतरी प्रवीणचं भांडण सांगत होतं. कालचंच भांडण. जे नीलिमाने अजून कोणालाही सांगितलं नव्हतं.

तिने हाक मारली. "शाजिया..."

जेमतेम ऐकू जाईल एवढाच आवाज निघाला.

मशीन थांबलं.

"शाजिया..."

आणि तिसरी हाक...

निघेना. तोंड उघडलं होतं, घशाच्या शिरा ताणल्या होत्या, पण आवाजच नव्हता. तिला उमगलं, दोन हाका मारून गप्प झालेली ती आता आतल्यांना कोण वाटत असेल.

आतून खळखळून हसणं आलं. तिचंच हसणं, अगदी आधीसारखं.

मग खिडकीचा पडदा सरला. शाजिया होती. बाहेर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड नीलिमाच्या तोंडावर पडला होता. शाजियाने तिला नीट पाहिलं. ओळखलं. नीलिमा शपथेवर सांगते, ओळखलं तिने. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं.

नीलिमाने हात जोडले.

शाजिया हळूच म्हणाली, "तुझ्यापाशी गाडी आहे, नीलिमा. तू जाशील घरी. हिले बसची वाट पाहा लागते."

आणि पडदा ओढला.

आतल्या बाजूने कडी लागल्याचा आवाज नीलिमाला स्पष्ट आला. भूत दिसलं असतं तरी ती एवढी हादरली नसती. शाजियाला फसवलं गेलं नव्हतं. दोघींमधून तिने एक निवडली होती, आणि ती नीलिमा नव्हती.

हे सगळं तिने मला पाटीवर लिहून सांगितलं. पोरीच्या पाटीवर, रडत रडत, पुसून पुसून. आता तिचा आवाज अजिबात येत नाही. केंद्रात ती जात नाही. प्रवीण दोनदा धानोऱ्याला जाऊन शाजियाच्या दारात भांडून आला. शाजिया म्हणते, मले काई माहीत नाई. वाजिदभाऊंना तर यातलं काहीच ठाऊक नाही. ते म्हणतात, बायको आजकाल खुशीत असते.

आता परवाची गोष्ट. तेवढी सांगते आणि थांबते.

संध्याकाळ होत आली होती. घरात आम्ही दोघीच. मी भाजी चिरत होते, नीलिमा माझ्यासमोर तांदूळ पाखडत होती. बाहेर अंगणातून...

"आशाबाई..."

माझं नाव. गोड, चिरका, शेवटचं अक्षर लांबवलेलं. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता तो आवाज.

"आशाबाई..."

नीलिमाचं सूप थांबलं.

आम्ही दोघी दगडासारख्या बसलो. मला वाटलं, झालं, दोनच. आता गप्प होईल.

"ए आशाबाई! अवो, दार उघडा ना!"

तिसरी.

नीलिमा दाराकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. मी उठते का, ते.

मी उठले नाही. देवाशपथ, जागची हलले नाही. पण तो आवाज घरातून गेल्यापासून घर इतकं मुकं झालं आहे, की एक क्षण... एकच क्षण... मला उठावंसं वाटलं.

आणि ते तिला दिसलं.