चुकीच्या कडेला लागलेली पट्टी

त्या मिस्त्रीचं बाकी सगळं काकूंनी खपवून घेतलं असतं, पण त्याचं ते गप्प राहणं त्यांच्या डोक्यात जायचं. आपण माणसाला चार शब्द सुनावले तर माणसाने उलट बोलावं, निदान तोंड तरी वाकडं करावं. हा नुसता मान हलवायचा. "पट्टी वाया घालवू नकोस," म्हटलं की "बरं काकू." "इस्त्री फार तापवू नकोस, घरातली आहे," म्हटलं की "बरं काकू." गल्लीत काकूंच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती हे खरं. पण दिवसभर घरात वावरणारा तरणाताठा माणूस आणि त्याच्याशी धड भांडताही येऊ नये, म्हणजे काय?

त्यात काम संपायचं नाव नव्हतं. आज होईल, उद्या होईल... आणि बाहेरच्या खोलीत चालायला जागा नाही, जिकडे तिकडे फळ्या आणि भुसा.

बरं, त्याला घरात आणला होता काकूंनीच. त्यामुळे राग काढायचा तरी कुणावर?

त्यांची धाकटी घरी शिवणकाम करायची. थोरली लग्न होऊन लांब गेलेली, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली, घरात दोघीच. गिऱ्हाइकांचे कपडे खाटेवर, खुर्चीवर, खिडकीत लोंबकळत असायचे. तेव्हा काकूंनी ठरवलं, भिंतभर कपाट करायचं. कपाट झालं की पोरीचा जम बसेल, काम वाढेल, आणि मग ती हे घर सोडून कुठे जायची नाही... हा शेवटचा हिशेब मात्र त्यांनी पोटातच ठेवला होता.

बेत मोठा आणि हात आखडता. बोर्ड दुकानातून कापून घेतले. कापलेल्या कडा उघड्या दिसतात, त्यांवर पट्टी लावावी लागते. दुकानदार ती मशीनवर लावून द्यायला तयार होता, पण त्याचा भाव ऐकून काकू म्हणाल्या, "कड झाकायची आहे बाबा, सोन्याने मढवायची नाही." मागे डिंक असलेली पट्टी इस्त्रीने चिकटते हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि शिवणाऱ्याच्या घरात इस्त्रीला काय तोटा?

दुकानाच्या कोपऱ्यात उरल्यासुरल्या पट्ट्यांची टोपली होती. धाकटीने तिच्यातली बदामी गुंडाळी उचलली, तर ती येईना. दुसरं टोक एका उंच माणसाच्या हातात होतं. केस भुरकट... नाही, केस काळेच होते, त्यांत भुसा बसला होता.

"सोडा," धाकटी म्हणाली.

"तुम्ही ओढताय, म्हणून सुटत नाही."

"मी सोडली तर तुम्ही घेऊन जाल."

"जाईन."

"मग कशी सोडू?"

"नका सोडू," तो म्हणाला. आणि त्यानेही सोडली नाही.

पट्टी दोघांच्या मध्ये ताणलेली, आणि दोघंही तिच्याकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघतायत. काकू मध्ये उभ्या राहिल्या. "पट्टी आमची, हात तुझे. कपाट करतोस का? मजुरी रास्त सांग." त्याने धाकटीकडे पाहिलं आणि मान हलवली. मजुरी सांगितलीच नाही. तिथेच काकूंना कळायला हवं होतं, पण फुकटात मिळतंय म्हटल्यावर त्यांची नजर जरा अधू व्हायची.

कामाला सुरुवात करताना त्याने एवढंच सांगितलं की हे झालं की तो दुसऱ्या शहरात जाणार, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी लागलीय. "जा की," काकू म्हणाल्या. "कपाट उभं करून जा."

काकूंसमोर मुका असलेला हा गडी त्यांची पाठ वळली की बरा बोलायचा. काकू स्वयंपाकघरात कांदा चिरत बसायच्या आणि कान बाहेर असायचे.

"मध्ये कागद ठेवा. नाहीतर डिंक इस्त्रीला लागेल."

"मला इस्त्री शिकवताय?"

"कपड्याची तुम्हाला येते. ही फळी आहे. हिला घाई चालत नाही."

"घाई कुणाला चालते?"

मग बराच वेळ नुसती इस्त्रीची सरसर, आणि तापलेल्या डिंकाचा तो गोडसर वास.

"आता ठोकळ्याने दाबा. गार होईपर्यंत हात तिथेच राहू द्या."

"कुणाचा? माझा की तुमचा?"

काकूंनी मुद्दाम पातेलं आपटलं. सरसर पुन्हा सुरू झाली, पण दोघंही हसताहेत हे त्यांना भिंतीपलीकडून कळत होतं, आणि कांदा उगाच बारीक होत चालला होता.

शेवटी एका दुपारी काकूंचा संयम सुटला. "आज हे कपाट उभं राहिल्याशिवाय कुणी जेवणार नाही," असं जाहीर करून त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि भिंतीला टेकवलेली पहिली उभी फळी त्यांनी स्वतः पुढे ओढली.

पट्टी मोजकी, म्हणून प्रत्येक फळीची फक्त पुढची, खोलीकडून दिसणारी कड झाकायची असं ठरलं होतं. मागची कड भिंतीकडे जाते, तिला पाहणार कोण? कपाटाची पातळ पाठ बसवायची खाचही मागच्या कडेजवळच पाडलेली, त्यामुळे फळी उलटी फिरवून चालणार नव्हतं. काकूंनी कडेवरून बोट फिरवलं. पट्टी इतकी सफाईने लागली होती की नखाला सांधा लागेना. पण बोट खाचेला अडखळलं. ही मागची कड होती. पुढची कड तशीच उघडी, कोंड्यासारखी खरबरीत.

त्यांनी दुसरी फळी ओढली. तिसरी. सगळ्यांची तीच तऱ्हा.

"कपाटाची पाठ नटवलीस आणि तोंड धुतलं नाहीस," काकू म्हणाल्या. "हे काय आहे?"

"चुकलं काकू."

"एक फळी चुकते. इथे सगळ्याच चुकल्या?"

"सगळ्याच चुकल्या."

"डोळे कुठे ठेवले होतेस?"

धाकटी एकदम पट्टीचे तुकडे गोळा करायला लागली, जणू त्यांच्यावाचून काही अडलं होतं.

"गरम केली की पट्टी सुटते," तो हळूच म्हणाला. "मी सोलून परत लावतो. नवी लागली तर माझ्याकडची. दोनचार दिवस..."

"आणखी दोनचार दिवस?" काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. आणि बोलता बोलता त्यांची नजर फळीवरच्या खुणेवर पडली. पट्टी कुठल्या कडेला लावायची तिच्याजवळ मिस्त्री पेन्सिलीने एक सरळ रेघ मारायचा. पुढच्या कडेजवळची त्याची रेघ कुणीतरी खोडली होती. मागच्या कडेजवळ दोन आखूड तिरक्या रेघा होत्या, एकीला एक लागून. धाकटी कापडाच्या उलट्या बाजूला खडूने अशाच दोन रेघा मारते. काकूंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण पोरीचा हात त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"ही खूण कुणाची?"

"माझी," मिस्त्री म्हणाला.

"तोंडावर खोटं बोलतोस?"

"माझी आहे, आई." धाकटीने हातातले तुकडे खाली ठेवले. मान खाली, पण आवाज स्वच्छ. "त्याची रेघ खोडून मीच मारली. सगळ्यांवर."

"का?"

"कपाट झालं असतं."

"कपाट व्हायलाच तर..." काकू मध्येच थांबल्या. कपाट झालं की हा जाणार होता.

त्या मिस्त्रीकडे वळल्या. "आणि तू? रोज फळ्या हाताळणारा माणूस. तुला खाच दिसली नाही?"

"दिसली."

"कधी?"

"पहिल्याच फळीला."

"मग लावत का गेलास?"

"मलाही संपवायचं नव्हतं," तो म्हणाला. काकूंना उत्तर देत होता, पण बघत होता धाकटीकडे. ती इतकी लाल झाली की काकूंना तिच्याकडे बघवेना. आपणच चोरून काही बघतोय असं वाटलं, आणि त्याचाही त्यांना राग आला.

"एवढं होतं तर तोंड का नाही उघडलंस? फळ्यांचा सत्यानाश करायचा, पण माणसासारखं येऊन विचारायचं नाही?"

आणि मग तो जो उसळला, तो काकूंनी आजवर पाहिलाच नव्हता.

"कधी विचारू? तुम्ही एक वाक्य पुरं करू देता का? दारात पाऊल टाकलं की पट्टी, इस्त्री, भुसा, वीज. 'काकू, मला जरा...' म्हटलं की 'आधी काम कर'. तीन वेळा ठरवून आलो. तिन्ही वेळा तुमचं ऐकून घरी गेलो. या घरात दुसऱ्याला बोलायला जागाच नाही, सगळी तुम्ही अडवून बसलाय." त्याला धाप लागली. "आणि हिला विचारलं तर ही म्हणते, आई एकटी पडेल, मी येणार नाही. म्हणून मी कारखान्याला 'येत नाही' असं कळवतोय. इथेच राहतो. झालं?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला होता.

"कोण एकटी पडेल?" काकूंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता, आणि तो बारीक झाला की धोका जास्त असायचा.

"आई, मी तसं नाही..."

"तू गप्प. गल्लीतली निम्मी माणसं मला घाबरून असतात, उरलेली निम्मी रोज दारात येऊन बसतात. मी एकटी पडणार? माझी कीव करून कुणी नोकरी सोडणार आणि कुणी लग्न टाळणार? मी काय अंथरुणाला खिळलेय?"

काकूंनी इस्त्रीचं बटण लावलं. फळी आडवी केली, कागद ठेवला आणि मागच्या कडेवर इस्त्री धरली. डिंक मऊ झाला तशी त्यांनी पट्टीचं टोक नखाने उचललं आणि हळूहळू सोलत गेल्या. त्यांनी मान वर केली नाही. पोरगी शेजारी येऊन बसली. तिने फळीचं दुसरं टोक धरलं. काकूंनी ते धरू दिलं.

पट्टी सगळी सुटली तेव्हा त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. तो अजून तिथेच उभा, तोंड रागाने लाल आणि डोळे भरलेले.

"नीट ऐक," काकू म्हणाल्या. "मला तू पसंत नाहीस. मनातलं सांगायला तुला माझ्या फळ्या नासवाव्या लागल्या. पण हिला तू पसंत आहेस, आणि ही माझ्यापेक्षा हट्टी आहे, ते तुला पुढे कळेलच. नोकरी सोडायची नाही. उद्या तुझ्या आईला घेऊन ये, मी तिच्याशी बोलते. आणि हे कपाट डिंक आणि खिळ्यांनी कायमचं ठोकून ठेवू नकोस. सगळं स्क्रूवर बसव. खोलून नेता आलं पाहिजे."