दोन रकाने

"कालच पांढऱ्या मातीचं पोतेरं दिलं भिंतीला, अन् आज बाईंनी कोळशानं काळी केली. शाळा बंद झाली म्हनून आमच्या घराची पाटी करायची का?"

कडूबाई चुलीपुढं बसून पुटपुटत होती, पण ओसरीत भिंतीशी उभ्या असलेल्या सरजाबाई मास्तरणीला शब्द न् शब्द ऐकू जाईल, अशा बेतानं.

"मावशी, तुमच्या नातवाचा सातचा पाढा चुकतोय," सरजाबाई मागं न बघता म्हणाली. "तो सुधारला की मी स्वतः येऊन पोतेरं देईन."

"द्या की. तवर पोरगं म्हातारं हुतंय."

दुष्काळ सरला होता. आटलेल्या विहिरींना पाणी आलं, पण गढूळ, आणि त्या पाण्यासोबत जुलाब-वांतीची साथ आली. येलदरीच्या धरणाखाली दोन-अडीच कोसांवर असलेल्या या गावात पंधरा दिवसांत सहा माणसं गेली. पंचायत समितीचा कागद आला. पुढील आदेशापर्यंत शाळा बंद, मुलांना एकत्र बसवू नये. शिकवू नये, असं मात्र कागदात कुठंच नव्हतं. सरजाबाईनं तो तीनदा वाचून खात्री करून घेतली.

आधी तिनं पाट्यांवर गणितं लिहून घरोघर धाडली. विहिरीत औषधाची पावडर टाकणारा भुजंग इमानी माणूस. घरातून घरात जाणारी वस्तू दिसली की बादलीत बुचकळायचीच, असा त्याला हुकूम होता. एकतीस पाट्या त्यानं बुचकळून काढल्या. रोगाचं काय झालं कोण जाणे, गणितं मात्र साफ धुऊन निघाली.

चिडून ती भुजंगाला बोलायला गेली आणि बोलता बोलता तिचं लक्ष दाराच्या चौकटीकडं गेलं. आपण कोणत्या तारखेला येऊन गेलो, ते भुजंग प्रत्येक चौकटीवर गेरूनं लिहायचा. भिंत काही कुणी बादलीत बुचकळत नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी सरजाबाई घरोघर फिरू लागली. ओसरीच्या भिंतीवर पोराच्या छातीएवढ्या उंचीवर कोळशानं गणित लिहायचं. पोरानं दिवसभरात खाली उत्तर लिहायचं. दुसऱ्या दिवशी गेरूनं तपासायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि नवं लिहायचं. ज्या ओसऱ्यांवर तिच्या आईनं जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं, त्याच ओसऱ्यांवर आता लोक तिला बसायला पोतं अंथरत होते. साथीनं काही भलत्याच गोष्टी सोप्या केल्या होत्या.

अवघड होतं ते एकच घर. गुरुपादअप्पाचं.

अप्पाचं गावात किराण्याचं दुकान. त्याच्या दोन्ही पोरी तिसरीत, महादेवी नऊ वर्षांची आणि लीला आठ. दोघींना एकाच दिवशी जुलाब लागले. महादेवी तापात पडून असतानाच लीला गेली. शुद्धीवर आल्यावर तिनं बहिणीविषयी विचारलं, तेव्हा बापाच्या तोंडून निघून गेलं, "सोनपेठला मामाकडं धाडलीय." मग ते तसंच राहिलं. अप्पानं हात जोडले आणि गाव गप्प बसलं. सरजाबाईनंही मान हलवली होती.

महादेवीनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. समोर ठेवलं तर खायची, नाही तर ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहायची. भुजंग म्हणाला, "बाई, रोग गेलाय तिचा. पर अशी ऱ्हायली तर पोरगी बी जातीय." तेवढ्यासाठी सरजाबाई त्या घरी जायची. एक आकडा तरी लिही, माझे आई.

त्या सकाळी डोक्यात कडूबाईच्या घरचा पाढा घोळत होता. अप्पाच्या भिंतीवर तिनं गणितं लिहिली आणि मागं सरकून पाहिलं. सवयीनं तिनं दोन रकाने आखले होते. डावीकडं 'महादेवी', उजवीकडं 'लीला'.

तिनं फडकं उचललं. महादेवी खांबापाशी बसून तिच्या हाताकडं बघत होती. पुसलं, तर पुसण्यानंच सगळं सांगितल्यासारखं झालं असतं.

दारात महादेवीची आई चन्नबसम्मा उभी होती. तिनं पदराचा बोळा तोंडाशी नेला.

सरजाबाईनं फडकं पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी डावा रकाना कोरा होता. उजवा सोडवलेला होता. शेचाळीस अधिक अठ्ठावीस, उत्तर चौसष्ट.

सरजाबाई बराच वेळ त्या चौसष्टकडं बघत राहिली. हातचा घ्यायचा राहिला होता. लीला तीन वर्षं हेच करत आली होती. आकड्यांवरून तळवा फिरून कोळसा फासला होता, तसा तो डावखुऱ्याचाच फासतो, आणि लीला डावखुरी होती.

महादेवीनंच लिहिलं असणार, तिनं स्वतःला बजावलं. बहिणीची नक्कल करते पोर. तिनं महादेवीचे हात उलटसुलट करून पाहिले. नखंसुद्धा स्वच्छ होती. चन्नबसम्माला अक्षर येत नव्हतं. अप्पाचे आकडे व्यापाऱ्याचे, तिरके आणि घाईचे.

भिंतीवरचं गणित तपासायचं तर होतंच. तिनं गेरूची फुली मारली. मारताना भिंत ओली लागली, आत्ताच कुणी ओला हात टेकून गेल्यासारखी.

तीन दिवस असंच चाललं. डावा कोरा, उजवा चुकलेला. चौथ्या दिवशी उजवीकडच्या चुकलेल्या उत्तरावर काट मारलेली होती आणि वर, दशकाच्या घरात, बारीकसा एक लिहिलेला होता. तो एक महादेवीचा, ताठ आणि टोकदार. लीला चुकली की तिला राहवायचं नाही, वर्गातसुद्धा पाटी ओढून घ्यायची.

आणि डाव्या रकान्यात तिची स्वतःची दोन्ही गणितं सोडवलेली होती.

सरजाबाई ओसरीतच बसली. डोळ्यांना पदर लावायला हात मोकळा नव्हता, एकात गेरू आणि एकात कोळसा.

गुरुपादअप्पा तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत आला. "काल दोन भाकरी खाल्ल्या तिनं," तो म्हणाला. मग खाली बघत, "बाई, ते उजवीकडचं... तुमीच लिहिता न्हवं? पोरीसाठी?"

"मी नाही. आणि ते आकडे तुमचेही नाहीत."

दुकानाच्या पायरीवर गुळाच्या ढेपेला माश्या लागल्या होत्या.

"दोन्ही रकाने लिहीत जावा," अप्पा म्हणाला. "इतकी मेहरबानी करा."

ती दोन लिहीत गेली. महादेवीच्या गालांवर रंग आला. ती विहिरीपर्यंत आईमागं जाऊ लागली, वेणी घालून घेऊ लागली. बोलत मात्र नव्हती. भिंतीपाशी ती आता खांबाला टेकत नसे. थोडी डावीकडं सरकून बसे, शेजारी कुणाला जागा दिल्यासारखी.

मग दुसरा कागद आला. साथ ओसरली, सोमवारपासून शाळा भरवावी. गावाला आनंद झाला. सरजाबाई मात्र कागद हातात धरून बसली. वर्गात तीस पोरं. पहिल्या घंटेलाच कुणीतरी बोलून जाणार. आणि ही भिंतीपासून उठेल का, हाही प्रश्न होताच.

शनिवारी सकाळी दहा वाजता ती अप्पाच्या ओसरीवर गेली. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. आत चन्नबसम्मा ज्वारी पाखडत होती. सरजाबाईनं दोन रकाने लिहिले आणि भिंतीकडं पाठ करून महादेवीसमोर बसली. तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. महादेवीलाही भिंत दिसू नये, म्हणून तिला जवळ ओढून घेतलं.

"सोमवारी शाळा हाय, म्हादेवी." तिच्या तोंडी नकळत घरची बोली आली. "येतीस ना?"

महादेवीनं मान खाली घातली.

आतलं पाखडणं थांबलं.

पाठीमागं आवाज झाला. कोळसा मातीवर घासल्याचा. बारीक, थांबत थांबत. विचार करत लिहिणाऱ्या पोराचा असतो तसा.

सरजाबाईनं हातातले दोन्ही हात घट्ट धरले. दोन्ही गरम होते. दोन्ही तिच्याच हातांत होते.

सूप घेतलेली चन्नबसम्मा दारात आली. भिंतीकडं बघून तिथंच उभी राहिली.

आवाज थांबला. खाली काहीतरी पडलं, हलकं.

सरजाबाई वळली.

डावा रकाना कोरा. उजव्यात सदतीस अधिक पंचवीस, बरोबर बासष्ट. दशकाच्या डोक्यावर हातचा, महादेवीच्या एकासारखाच ताठ काढायला गेलेला, पण डाव्या हाताचा, फासलेला.

तीन वर्षांत पहिल्यांदा बरोबर.

कोळशाचा तुकडा जमिनीवर अजून हलत होता.

काय करावं ते सरजाबाईला कळेना. मग तिनं मास्तरणीला जे कळतं तेच केलं. गेरू घेतला आणि बासष्टच्या पुढं बरोबरची खूण केली. खूण वाकडी आली.

शेजारी महादेवी येऊन उभी राहिली. त्या खुणेकडं बघत ती हसली. किती दिवसांनी हसली.

"मी येते शाळंला, बाई," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, न वापरल्यानं गंज चढलेला. चन्नबसम्माच्या हातातलं सूप कलंडलं, ज्वारी ओसरीभर सांडली.

"पर आदी तिला सांगा कुनीतरी," महादेवी म्हणाली. "लीला मेली. मला ठावं हाय, पयल्या दिसापासून ठावं हाय. तिलाच कुनी सांगितलं न्हाई."