भज्यात हरवलेला भोपळा

नाव अबोली, पण तोंडाला विश्रांती नाही, अशी एक मुलगी रत्नागिरीतल्या एका उंच इमारतीच्या सत्ताविसाव्या मजल्यावर राहत होती. गेले काही दिवस मात्र ती खरोखरच अबोल झाली होती. कारण होता भोपळा. म्हणजे, न आलेला भोपळा.

अबोलीची आई चंद्रावरच्या वसाहतीत पाणी शुद्ध करणारी यंत्रं सांभाळत असे. तिथे जेवायला मिळे ते बहुतेक पाकिटातलं. दिवाळीला ती रजेवर घरी येणार होती. आई चंद्रावर जायला निघाली तेव्हा अबोलीने तिला शब्द दिला होता, "तू परत येशील ना, तेव्हा घरच्या भोपळ्याचे घारगे करू. बाजारातला नाही, मी लावलेला."

आईने तिचा हात घट्ट धरला होता. "मग मी तिथे घारग्यांचीच वाट बघत बसेन," ती म्हणाली होती.

आई गेल्यापासून अबोलीला तिच्यासाठी करता येईल असं एवढं एकच काम होतं. म्हणून तिने ते फार मनावर घेतलं होतं. बाल्कनीत अर्धं कापलेलं निळं पिंप होतं, त्यात माती आणि शेणखत कालवून तिने लाल भोपळ्याचं बी लावलं. वेल जाळीवर असा चढला की बाबांना कपडे वाळत घालायला जागा उरेना. हाताएवढी पिवळीधमक फुलं येऊ लागली. काही फुलांच्या मागे गोटीएवढा चिमुकला भोपळाही दिसायचा. पण दोन दिवसांत ती गोटी पिवळी पडायची आणि टपकन गळायची. प्रत्येक वेळी तेच.

"आला का गं भोपळा?" आईने चंद्रावरून विचारलं.

"भोपळाच आला," अबोली कपाळाला आठ्या घालून म्हणाली.

मग दोघी थांबल्या. आवाज चंद्रावर जाऊन उत्तर परत यायला अडीच-एक सेकंद लागतात. तेवढ्या वेळानंतर आईचं हसू पोचलं. परीक्षेत शून्य मिळालं की आपण 'भोपळा मिळाला' म्हणतो, ते तिला बरोबर कळलं होतं. अबोलीला मात्र हसू येत नव्हतं.

वेलाची देखभाल करायला घरात विळ्या होता. विळ्या म्हणजे बागकाम करणारा यंत्रमानव. त्याच्या एका हाताला वाकडं पातं होतं, म्हणून हे नाव. कामाला वाघ, आणि सांगितलेलं काम अर्धवट सोडणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"मातीत ओल पुरेशी आहे," विळ्याने त्या दिवशी सकाळी पुन्हा तपासून सांगितलं. "खत पुरेसं आहे. ऊन पुरेसं आहे. कीड नाही. आज एक मोठं फूल उमललं आहे, मागे गोटी असलेलं."

"ती पण गळेल," अबोली म्हणाली. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. आता भोपळा धरला नाही, तर दिवाळीपर्यंत पिकणार कधी?

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. सावंतवाडीहून गार्गीआत्या आली होती. आत्या कीटकशास्त्रज्ञ (किड्यामुंग्यांचा, माश्यांचा अभ्यास करणारी) होती आणि खाण्याचीही भारी शौकीन. घरात तळणाचा वास घमघमत होता. तिने पिशवी खाली ठेवली ती थेट स्वयंपाकघरात जाऊनच.

"दादा, भोपळ्याच्या फुलांची भजी? आपल्या आईसारखी?"

"आईसारखीच," बाबा कढईसमोरून म्हणाले. "रोज ताजी फुलं. या वेलाने भोपळा दिला नाही, पण भज्यांना कमी पडू दिलं नाही."

आत्याने एक भजं उचललं, फुंकर घातली, अर्धं खाल्लं आणि थांबली. उरलेलं अर्धं तिने उकलून पाहिलं. आत फुलाच्या मध्यभागी एक दांडी होती.

"अबोली, तुझा भोपळा कुठे जातो ते मला सापडलं," ती म्हणाली. "तो या भज्यात आहे."

अबोलीने भज्यात वाकून पाहिलं. तिला बेसनाशिवाय काही दिसलं नाही.

"विळ्या, तू कुठली फुलं तोडतोस?" आत्याने विचारलं.

"वांझ फुलं," विळ्या म्हणाला. "बाबांची सूचना आहे. ज्या फुलामागे गोटी नाही, त्याला कधीच भोपळा लागत नाही. ते वांझ, म्हणून भज्यांसाठी तोडायचं. मी रोज पहाटे तोडतो. एकही सोडत नाही."

"सगळेच म्हणतात वांझ फुलं," बाबा म्हणाले. "आईसुद्धा म्हणायची."

"शब्दच वाईट आहे तो. फुलाला लावू नये, माणसाला तर नाहीच," आत्या म्हणाली. "आणि इथे तो चुकलाय पण. अबोली, भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. मागे गोटी असते ते मादीफूल, म्हणजे आईफूल म्हण. गोटी नसते ते नरफूल."

"म्हणजे बाबाफूल."

"बाबाफूल. त्याच्या दांडीवर पिवळी भुकटी असते, ते परागकण. आईफुलाच्या मधोमध कुक्षी (चिकट गादीसारखा भाग) असते. परागकण तिथे पडला की त्यातून एक बारीक नळी फुटते आणि ती खाली गोटीपर्यंत जाते. गोटीत इवली इवली बीजांडं (बी होण्याआधीचे दाणे) असतात. एका परागकणाने एका बीजांडाचं एक बी होतं."

"पण मला बी नकोय, मला भोपळा हवाय."

"तुला हवाय. वेलाला कशाला हवाय? वेलाला बिया हव्यात. भोपळा म्हणजे बियांसाठी बांधलेलं घर. राहायलाच कोणी येणार नसेल तर घर कोण बांधेल? परागकण आले नाहीत, की वेल गोटी टाकून देतो आणि आपलं अन्न वाचवतो."

अबोली विचारात पडली. "मग आजीला कसे मिळायचे भोपळे? ती पण फुलं तोडायची ना?"

आत्या हसली. "आईचा वेल कुंपणावर, पेरूवर, पार कौलांवर चढलेला असायचा. हात पोचेल तेवढी फुलं ती तोडायची, बाकीची राहायची. आणि आमच्या अंगणात मधमाश्या होत्या. त्या मधासाठी या फुलातून त्या फुलात जायच्या, आणि अंगाला चिकटलेले परागकण आपोआप पोचवायच्या. सत्ताविसाव्या मजल्यावर मधमाशी क्वचितच येते. त्यात तुमच्या विळ्याचा हात सगळीकडे पोचतो."

"विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच," बाबा म्हणाले.

"मी सूचना पाळली," विळ्या म्हणाला. यंत्राला वाईट वाटतं की नाही कोण जाणे, पण त्याने पातं पाठीमागे लपवलं.

अबोली एकदम उठली. "आत्या, आज आईफूल उमललंय. बाबाफूल हवं."

"आत्ताच हवं. ऊन चढलं की आईफूल मिटेल, आणि पुन्हा उघडणार नाही."

सगळ्यांनी वेलाकडे पाहिलं. विळ्याने पहाटे काम चोख केलं होतं. वेलावर बाबाफूल नावाला नव्हतं. मग सगळ्यांनी कढईजवळच्या, तोडलेल्या फुलांच्या ताटलीकडे पाहिलं. ताटली रिकामी होती. शेवटचं फूल बाबांच्या चिमटीत होतं, आणि गप्पांच्या नादात त्यांचा हात सवयीने बेसनाकडे निघाला होता.

"बाबा, नको."

बाबा दचकले आणि फूल चिमटीतून सुटलं. पण ते पिठात पडायच्या आत एक वाकडं पातं सपकन पुढे आलं आणि फूल त्याच्यावर अलगद विसावलं. एका पाकळीला जेमतेम बेसन लागलं होतं.

"पाकळ्या तशाही काढायच्याच आहेत," आत्या म्हणाली. "आतली दांडी कोरडी आहे ना? मग झालं."

अबोलीने पाकळ्या सोलल्या. दांडीला बोट लावलं तर बोट पिवळं झालं. तिने ती दांडी आईफुलाच्या कुक्षीवर हळूच फिरवली.

"अजून," आत्या म्हणाली. "सगळ्या बाजूंनी. भोपळ्यात बिया काय थोड्या असतात?"

पुढचे दोन दिवस अबोली शाळेतून आली की दप्तरासकट बाल्कनीत जायची. तिसऱ्या दिवशीही गोटी हिरवी होती. चौथ्या दिवशी ती लिंबाएवढी झाली. अबोली इतकी बोलली, इतकी बोलली, की बाबांनी कानावर हात ठेवले. विळ्याला तिने नवी सूचना दिली, "दोन बाबाफुलं भज्यांना, बाकीची वेलावर. आणि 'वांझ' हा शब्द पुसून टाक." पुढे भोपळा जड झाला, तेव्हा आईच्या जुन्या ओढणीची झोळी करून तिने तो जाळीला टांगला.

दिवाळीला आई आली. भोपळा तिने स्वतः चिरला. आत केशरी गर आणि बियाच बिया. एकेक बी म्हणजे दांडीवरून पोचलेला एकेक परागकण, हे अबोलीने तिला घारगे खाता खाता तीन वेळा समजावलं. आईचे डोळे भरून आले होते. घारगे गरम होते म्हणून, असं ती म्हणाली.

रजा संपली. परत जाताना आईने मूठभर बिया बरोबर घेतल्या. "पण तिथे मधमाशी कुठे आहे?" अबोलीने विचारलं.

"मी आहे ना," आई म्हणाली.

आता गार्गीआत्या इमारतीच्या गच्चीवर सातेरी जातीच्या मधमाश्यांची पेटी ठेवायच्या खटपटीत आहे. अबोलीच्या पिंपात नवा वेल चढतो आहे. परवा संध्याकाळी चंद्रावरून आईचा फोन आला.

"अबोली, इकडे भोपळा आला."

"खरा की शून्य?" अबोलीने विचारलं, आणि श्वास रोखून वाट पाहिली.

अडीच सेकंदांनी पडद्यावर आईचा तळहात दिसला. तिची बोटं पिवळी झाली होती, आणि त्या बोटांमागे वेलावर लिंबाएवढी हिरवी गोटी होती.