उपकप्तानाचा होकार

कप्तान वेंग चाओयुआन मावेईच्या घाटावर उतरला, तेव्हा दिवेलागण व्हायची होती. हातात सुक्या मासळीचा पुडा, काखेत पांढरं कापड. दुखवट्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढाच विचार तो मुद्दाम करत होता.

फ्रेंच तोफांनी चिनी आरमार बुडवलं त्या दिवशी त्याचं जहाज तेवढं पळालं होतं. पाण्यातली माणसं हाका मारत राहिली. जहाज वळलं आणि नदीच्या वरच्या अंगाला निघून गेलं. सुकाणूवर उपकप्तान श्वे देल्यान होता. जहाज वळवून होताच त्यानं त्या माणसांसाठी पाण्यात उडी टाकली. जखमी होऊन कसाबसा घरी पोचला आणि तापात गेला. उद्या चौकशी होती. मरण्याआधी मुलानं आपणच जहाज वळवल्याचं कबूल केलं, असं त्याच्या आईनं सांगितलं तर वेंगचा हुद्दा वाचणार होता.

म्हातारीनं दार उघडलं. "या, कप्तानसाहेब. जरा वाकून या, चौकट ठेंगणी आहे."

आत काढ्याचा आणि उदबत्तीचा शिळा वास कोंडला होता. वेंगनं हलक्या आवाजात सगळं मांडलं. "आई, गेलेल्याला आता काय फरक पडणार? तुम्हाला मी जन्मभर सांभाळीन."

"मला कशाला विचारता?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "दिवा लागला की तो येतो. तिथं चुलीपाशी बसतो. त्यालाच विचारा. तो हो म्हणाला, तर मी तसं सांगेन."

तिनं दिवा लावला. चुलीपाशी एक रिकामं स्टूल होतं. वेंगला हसू आणायचं होतं, पण ओठ हलेनात.

"देल्यान... जहाज तू वळवलंस... असं सांगू?"

ज्योत स्टुलाकडे कलली. मग सुकाणूवरून यायचा तसाच, दमलेला पण अदबीचा आवाज आला.

"जशी आज्ञा, साहेब."

म्हातारीनं बाहीनं डोळे पुसले. "लहानपणापासून मोठ्यांना नाही म्हणणं जमलंच नाही त्याला. सांगते मी उद्या."

वेंग गुडघ्यांवर बसला. त्या स्टुलासमोर त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं.

"नका सांगू, आई," एवढंच तो बोलू शकला.

दुसऱ्या दिवशी चौकशीत त्यानं स्वतःच सांगितलं, "हुकूम माझा होता. आपली माणसं पाण्यात आहेत, असं देल्यान म्हणाला होता. तरी मी म्हटलं, वळव."

भर उन्हात, त्याच्याच खलाशांसमोर त्याचा हुद्द्याचा अंगरखा उतरवला, टोपी काढली. मान खाली वाकवायला शिपायानं त्याच्या पाठीवरच्या लांब वेणीला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. वेणी नदीच्या दिशेला ताठ ओढलेली होती. तिच्यातून पाणी निथळत होतं.

"साहेब..." शिपाई पुटपुटला, "वेणी आधीच कुणीतरी धरलीये."