परक्या माणसाचे दाखले

"माझी वेळ सुरू झाली," मागून कुणीतरी म्हणालं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली पेशीबाई खुर्चीतच दचकली. पेशी बघताना तहानभूक विसरणाऱ्या या बाईला विद्यार्थी पेशीबाईच म्हणायचे.

"वेळ तुमची असेल हो, पण पेशी माझ्या सरकतायत. त्यांना काय मध्येच थांबा म्हणू?"

अंधाऱ्या खोलीत तो हसला. शेजारच्या इमारतीतला भौतिकशास्त्रज्ञ, उंचीने जरा जास्तच; याच सूक्ष्मदर्शकावर तिच्यानंतरची वेळ त्याने नोंदवलेली. "बघू तरी," म्हणत तो वाकला. बशीतल्या पेशींच्या थरावर तिने जखमेसारखा मुद्दाम ओढलेल्या ओरखड्याच्या दोन्ही काठांवरच्या पेशी हळूहळू एकमेकींकडे निघाल्या होत्या.

"अहो, हे तर... जखम भरण्यावरचा तो पेपर, तो तुमचा?"

"वाचलाय?"

"पाठ आहे! माझ्या प्रत्येक पेपरात त्याचा दाखला असतो."

दाखला, म्हणजे या लोकांच्या भाषेत सायटेशन. आपलं काम कुणीतरी वाचलं आणि त्यावर स्वतःचं उभं केलं, याची ती खूण. तिच्या वाट्याला ते बेताचेच येत, त्यातही निम्मे एकाच अनोळखी नावाचे. बाकीचे पेपरांचा रतीब घालायचे, आणि ही बाई एकेक प्रयोग मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा करत बसायची.

"म्हणजे तो चिवट वाचक तुम्ही!"

"आणि ती छळवादी लेखिका तुम्ही! काय लिहिता हो, डोक्याचा भुगा झाला माझ्या."

मग काय, वेळेवरून भांडणं रोजचीच झाली. भांडायला दोघंही मुद्दाम लवकर येऊ लागले. जिन्यातल्या खिडकीत उभं राहून कॉफी प्यायची, आणि कप देताना बोटाला बोट लागलं की दोघांनीही घाईघाईने प्रयोगाविषयी बोलायला लागायचं. शास्त्रज्ञ कसले, शहाणी बाळं नुसती!

"अगं, सांगून टाक ना त्याला," थोरली बहीण फोनवर वैतागायची.

"मुलाखत होऊ दे, ताई. नोकरी कायम होते की जाते, तेच कळत नाहीये." जीव त्या नोकरीत अडकला होता. ती गेली तर प्रयोगशाळा गेली, आणि पेशीही गेल्या.

मुलाखतीत निवड समितीच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. "पेपर मोजकेच आहेत तुमचे. दाखले ठीक आहेत, पण निम्मे एकाच माणसाचे दिसतात. नात्यातला, जवळचा नाही ना? तसे आम्ही धरत नाही."

नाही म्हणायला काय जात होतं? त्याने विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. जगाच्या दृष्टीने तो परकाच होता. पण नकोसा आकडा झाकणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"आहे, सर... जवळचा आहे."

"किती जवळचा?"

"माझ्याकडून पुरता. त्याच्याकडून — अजून विचारायचंय."

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांचं पेन थांबलं. "मग वजा करावे लागतील. उरणार काय तुमच्याकडे?"

"काम उरेल ना, सर." ती खुर्चीत पुढे सरकली. "मोजलंय सगळ्यांनी. वाचलंय कुणी?"

मग अध्यक्षांनी तिचा पेपर पुढे ओढला आणि जखमेविषयी पहिला प्रश्न विचारला. त्यानंतर ती किती वेळ बोलत होती, तिचं तिलाच कळलं नाही. निकाल मागाहून कळवू, एवढंच ते म्हणाले, पण उठताना त्यांनी पेपर सोबत घेतला.

बाहेर बाकावर तो वाट बघत होता. "काय झालं?"

"तुझे सगळे दाखले गेले."

"गेले? का म्हणून? एकन्‌एक खरा आहे! थांब, मी आत जाऊन बोलतो."

"काय बोलशील? जवळच्या माणसाचे धरत नाहीत."

"पण मी कुठे जव..." तो थांबला. कान लालबुंद झाले. "हे... त्यांनी ठरवलं?"

"मी सांगितलं." आता मागे फिरणं नव्हतं. "खोटं असेल तर जा, तसं सांग त्यांना. दाखले परत मिळतील मला."

त्याने बंद दाराकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"राहू देत वजा," तो म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याने तिला शेजारी जागा करून दिली.