राग शिकवायला हवी चादर

"चादर दाखवा एक. अशी, की आत मूल उभं राहिलं तर कोण आहे ते ओळखू येऊ नये."

नवी पेठेतल्या आमच्या चादरींच्या दुकानात मी कॉलेजात असल्यापासून बसते. रुखवताची चादर, हॉस्टेलची चादर, पाहुण्यांना द्यायची चादर... सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं मी पाहिलीत. हे मात्र नवीनच होतं.

"कशासाठी?" मी जरा दमातच विचारलं.

"राग शिकवायचा आहे." माझ्या भुवया वर गेलेल्या पाहून तो घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे... जर्मन भाषेतला. वरच्या मजल्यावर मुलांचा क्लास सुरू करतोय. मी अजिनाथ. मंगळवेढ्याचा."

मी एक जाडजूड चादर काढली. त्यानं ती सरळ स्वतःच्या डोक्यावरून घेतली आणि आतून विचारलं, "दिसतोय का मी?"

"पाय तेवढे दिसतायत. आणि मोजे दोन रंगांचे आहेत."

चादरीच्या आत तो खुदकन हसला. ते हसू दिवसभर माझ्या कानात राहिलं, आणि त्याचा मला रागही आला.

दादाची पिंकी लगेच क्लासला जाऊ लागली. रविवारी वर चहा पोचवण्याचं काम दुकानातल्या कोंडीबाकाकांचं. ते मी आपणहून माझ्याकडे घेतलं... काकांचे गुडघे दुखतात म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

चादरीचा उपयोग मला वर गेल्यावर कळला. एका मुलानं चादर ओढून उभं राहायचं आणि चिठ्ठीतली भावना नुसत्या खांद्यांनी, हातांनी दाखवायची. बाकीच्यांनी ती जर्मनमध्ये ओळखायची. "चेहरा काय, शाळेतल्या फोटोत सगळेच हसतात," अजिनाथ म्हणायचा. आणखी एक नियम होता. 'कशी आहेस' विचारल्यावर 'बरी आहे' म्हणायचं नाही. बरं ही भावनाच नव्हे, असं त्याचं म्हणणं.

एकदा अंकिताच्या चिठ्ठीत 'आनंद' निघाला. ती चादरीत शिरली, हात हलवू लागली, पण पोरं एका सुरात म्हणाली, "ट्राउरिश." दुःखी.

अजिनाथ फरशीवर मांडी घालून बसला. "पोरं बरोबर बोलतायत का गं?"

चादरीतून आवाज आला. "आज्जीनं माजी शेळी दिऊन टाकली. मला इचारलं बी न्हाय."

रडू नकोस, असं तो म्हणाला नाही. दुसरी आणू, असंही नाही. "मग तुझा शब्द हाच," एवढंच म्हणाला आणि तिच्याबरोबर हळूच बोलला, "इष बिन ट्राउरिश." मग सगळा वर्ग तिच्यासोबत बोलला. अंकिता चादर काढून नाक पुसत बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडावर चक्क रुबाब होता. मी दारात चहाचा ट्रे धरून उभी. माझेच डोळे भरून आले. किती सुंदर काम करतो हा माणूस!

त्याच आठवड्यात अकलूजचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात इंजिनिअर. पाहुणे गेल्यावर माझ्या वडिलांनी, अण्णांनी विचारलं, "प्रिया, कसा वाटला?"

"बरा आहे," मी म्हणाले.

अण्णांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायचं ठरलं. रोज शंभर बायांच्या मनातला रंग ओळखणारी मी, स्वतःवर वेळ आली तेव्हा माझी बोलती बंद.

त्या रविवारी अजिनाथ म्हणाला, "आज आत्या चादरीत. चालेल ना?"

चिठ्ठीत 'राग' होता. मी मुठी आवळल्या.

"आंग्स्ट," पोरं म्हणाली. पिंकीनं मला ऐकू येईल असं मराठीतही सांगितलं, "आत्या घाबरलीय."

चादर घसरू लागली. ती सावरायला अजिनाथ जवळ आला, त्याची बोटं माझ्या खांद्यापाशी थांबली... आणि पोरांनी एकदम उत्तर बदललं. "श्युश्टर्न!" पुढे नुसता खिदळण्याचा आवाज. लाजलीय, हे पिंकीनं सांगायची गरजच नव्हती.

क्लास सुटल्यावर तो जिन्यात मागे आला. "पोरांचं उत्तर चुकलं ना?"

"तुमची पोरं हुशार आहेत."

"मग... भीती कसली?"

मी अकलूजचं सांगितलं. तो कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला.

"मुलगा चांगला असेल," शेवटी म्हणाला.

"बरा आहे."

तो काहीतरी बोलणार होता. पण तसाच वर निघून गेला. असा संताप आला मला! सगळ्या पोरांना शब्द वाटतो आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप.

रात्रीच्या जेवणाला मी अण्णांना सांगितलं, "मला अकलूज नको. त्या मुलात काही खोट नाही. पण माझं मन नाही तिथे." अण्णांचा घास हातातच राहिला. ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच अकलूजला फोन केला.

फोन संपला आणि मी जिना चढले. तो सतरंज्या झटकत होता.

"अकलूजला नाही म्हणून कळवलं," मी म्हणाले. "तुम्ही आज काहीही म्हणालात तरी तिकडे नाहीच. आता दुसरं. मला तुम्ही आवडता. तुमचं शिकवणं आवडतं, तुम्ही पोरांचं ऐकता ते आवडतं. हे बोलताना भीती वाटतेय, लाज वाटतेय, आणि तुम्ही परवा गप्प बसलात त्याचा राग अजून गेलेला नाही. झालं माझं."

त्याच्या हातातली सतरंजी खाली पडली. त्याच्या तोंडी ना जर्मन आली, ना पुस्तकी मराठी.

"मला बी आवडता तुमी," तो म्हणाला. "लई दिवस झालं. तुमचं जमत आलेलं, मग मी मधी कुटं... भ्यालो मी." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "अण्णांशी बोलायला कवा येऊ?"

"आत्ता. खाली गल्ल्यावरच बसलेत."

त्याचा चेहरा पार उतरला. तरी तो निघाला, आणि पहिल्या पायरीवर त्यानं माझा हात धरला.